परत न म्हटलेला निरोप

वैमानिकांच्या खोलीत त्याला सगळे पोपट म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. एखादा नवा सहवैमानिक बिचकत बिचकत 'सर' म्हणाला की हाच म्हणायचा, चार दिवसांनी पोपट म्हणशीलच, आजच सुरुवात कर.

नाव पडलं ते रेडिओमुळे. विमान हवेत असलं की खालून नियंत्रक सांगतो, अमुक उंचीवर या, तमुक दिशेला वळा, वेग इतका ठेवा. वैमानिकाने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं, म्हणजे वरच्याने नेमकं काय ऐकलं ते खालच्याला कळतं. नियम सगळ्यांनाच आहे. पण दिवसाची शेवटची फेरी असली, पोटात कावळे ओरडत असले, की माणसं वाक्याची शेपूट तोडतात, एखादा आकडा गिळतात. काही जण तर नुसतं 'रॉजर' म्हणून मोकळे होतात. रॉजर म्हणजे ऐकलं. काय ऐकलं ते देव जाणे. पोपटाने मात्र रॉजरवर कधी भागवलं नाही. तो शब्द न शब्द परत म्हणायचा, संथ आवाजात, कोणी हातात दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यावी, फिरवून बघावी आणि पुन्हा त्याच्याच हातात ठेवावी तसा. आभाळात गर्दी झाली, ढग दाटले, सगळे एकमेकांवर वसकू लागले, की त्याचा तो आवाज ऐकून नियंत्रकांच्या खांद्यातला ताण थोडा उतरायचा, असं ते स्वतःच सांगत.

सहवैमानिकांना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायचा. आधी कान, मग तोंड. बटण दाबण्याआधी ऐक. एका फ्रिक्वेन्सीवर डझनभर विमानं असतात, ती काही तुझ्या तीर्थरूपांची नाही. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही बोलणं जातं. बोलणाऱ्यांना ते कळतसुद्धा नाही, कारण आपण बोलत असताना आपला रेडिओ बहिरा असतो. बाकीच्यांच्या कानात फक्त एक चिरका आवाज येतो, फळ्यावर खडू उभा घासल्यासारखा. मग तिसराच कोणीतरी म्हणतो, 'ब्लॉक्ड.' म्हणजे, बाबांनो, तुम्ही दोघं बोललात, पण कोणालाच काही मिळालं नाही.

ही सवय तो घरी येताना टोपीबरोबर खुंटीला अडकवत नसे. बायको म्हणाली, येताना दूध आणा, एक लिटर, की दारातून उत्तर यायचं, दूध, एक लिटर, आणतो. ती मैत्रिणींना सांगायची की या माणसाशी भांडायची सोय नाही. मी म्हणते तुम्हाला काडीची अक्कल नाही, तर हे म्हणतात, काडीची अक्कल नाही, समजलं. पुढे भांडू कशी?

मुलीने मात्र त्यातून खेळ काढला. तिला घरात ठकी म्हणत. तो कामावरून आला की किल्ली खिशात असूनही बाहेरून दारावर टकटक करायचा आणि सांगायचा, दारापाशी पोचलोय, उतरायची परवानगी मिळावी. आतून स्टीलचा पेला तोंडाला लावलेला आवाज यायचा, घुमणारा, गंभीर. 'थांबा. आई फरशी पुसतेय. धावपट्टी ओली आहे.' तो म्हणायचा, धावपट्टी ओली, थांबतो. आणि खरंच थांबायचा, हातात बॅग, पायात बूट. शेजारचे जिन्यातून जाताना हसायचे. मग पेल्यातून परवानगी यायची आणि तो घरात उतरायचा. पुढे ठकी खरोखरच नियंत्रक झाली. विमानतळाच्या जवळच्या अंधाऱ्या खोलीत, गोल पडद्यासमोर बसून, उतरायला आलेल्या विमानांना रांगेत लावायचं काम. पहिल्यांदा फ्रिक्वेन्सीवर तिचा आवाज आला तेव्हा त्याने तिचा आदेश परत म्हणून दाखवला आणि शेवटी, आयुष्यात प्रथमच, नियमाबाहेरचं बोलला. 'धावपट्टी कोरडी आहे ना?' तिने कोरड्या आवाजात सांगितलं, 'कोरडी आहे. आई बाहेर गेलीय.' त्या सबंध आठवड्यात वैमानिकांच्या खोलीत कोणी आत आलं की बाकीचे विचारायचे, फरशी वाळली का?

मग बायको आजारी पडली.

आजार लांबला. घरातल्या टेबलावर मिठाच्या डबीशेजारी औषधांच्या पट्ट्या आल्या आणि मग मिठाची डबी दिसेनाशी झाली. शेवटी तिला रुग्णालयात हलवलं. डॉक्टर म्हणाले होते, अजून वेळ आहे. त्याची त्या दिवशी फेरी होती, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. जाऊ की नको करत तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, तर तीच म्हणाली, जा. इथे बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिलात तर मीच कंटाळून जाईन. ठकीची सुट्टी होती, ती आईजवळ थांबली. तो गेला.

परतीच्या वाटेवर, अर्ध्या अंतरावर, कंपनीच्या फ्रिक्वेन्सीवर हाक आली. ही फ्रिक्वेन्सी कंपनीची घरची, तिच्यावर इंधन, गेट, उशीर असलं बोलणं चालतं, आणि कंपनीची हवेत असलेली सगळी विमानं ते ऐकत असतात. खाली कार्यालयात बसलेला कारकून म्हणाला, कॅप्टनसाठी घरून निरोप आहे, मुलीकडून. मग त्याने लिहून घेतलेला कागद वाचावा तसं वाचलं. 'आई खालावली आहे. लगेच ये.'

आणि कारकून थांबला. पोपट परत म्हणणार म्हणून थांबला. शेजारचा सहवैमानिकही थांबला. पोपटाने बटण दाबलं, तोंड उघडलं. पहिला शब्द 'आई' होता. आयुष्यभर त्याने हेच शिकवलं होतं की परत म्हणून दाखवलं की ते पक्कं झालं, मग त्यात बदल नाही. समोर काचेबाहेर ढगांची सपाट पांढरी जमीन पसरली होती, तिच्यावर विमानाची सावली धावत होती, लहानशी, स्वच्छ. बटणावरचा अंगठा पांढरा पडला. तो म्हणाला, 'रॉजर.'

सहवैमानिकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच समोर पाहिलं.

खाली रुग्णालयाच्या बोळात ठकीने कार्यालयाला फोन लावून विचारलं, काय म्हणाला बाबा? कारकून म्हणाला, रॉजर म्हणाले. ती म्हणाली, आणि? कारकुनाने बिचाऱ्याने पुन्हा सांगितलं, आणि काही नाही मॅडम, रॉजर.

तो गणवेशातच पोचला. गादीवरची चादर काढून नेलेली होती. ठकी बोळातल्या बाकावर बसली होती, मांडीवर आईचा चष्मा, त्याच्या काड्या मिटून. ती रडत नव्हती. आवाजही चढवला नाही. तिने बोलायला शिकल्यापासून वापरलेल्या 'तू'ने ती शेवटचं बोलली. 'दुधाची पिशवी परत म्हणून दाखवतोस तू. मी म्हटलं आई चाललीय, तर एक शब्द? मी दार बंद करून तिच्या कानाशी बसले होते, बाबा. तिला सांगायचं होतं मला, बाबा काय म्हणाला ते.'

त्याला तेव्हाच सांगता आलं असतं. की वाक्य तोंडात होतं, की ते म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. हातातली टोपी तो गोल फिरवत राहिला. खरं तर ते तोवर झालंच होतं, तो म्हणो न म्हणो.

आई गेल्यावर ठकी त्याला 'तुम्ही' म्हणू लागली. नियंत्रण केंद्राजवळ तिने एक खोली भाड्याने घेतली. जाताना पुस्तकं नेली, कपडे नेले, आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचा तो पेला तसाच ठेवला. फोन कामापुरता. बँकेत सही हवी आहे. नळवाला येऊन गेला का. बाकी मग जे काही बोलणं व्हायचं ते हवेत.

हवेत ते जवळजवळ रोज बोलत. रेडिओच्या रीतीप्रमाणे तो तिच्यासाठी एक विमानक्रमांक होता आणि ती त्याच्यासाठी एका ठिकाणाचं नाव. ती म्हणायची, इतक्या उंचीवर या. तो ते परत म्हणायचा. ती म्हणायची, डावीकडे वळा. तो म्हणायचा, डावीकडे वळतो. तिला सर्दी झाली की त्याला कळायचं. तिची झोप नीट झाली नसली की कळायचं, तेव्हा ती आकडे जरा जास्तच सुटे उच्चारायची. शेवटी विमान टॉवरच्या, म्हणजे धावपट्टीवर उतरवून घेणाऱ्यांच्या, हवाली करताना नियंत्रक 'शुभ दिन' म्हणतात, हा नियम नाही, रीत आहे, दारापर्यंत सोडायला यावं तशी. ती सगळ्यांना म्हणायची, त्याला म्हणत नसे. मग दुसऱ्या वर्षी एकदा म्हणाली. त्याने घरी येऊन दिवे लावले, कूकर चढवला, आणि दोन माणसांचा भात शिजवून बसला.

निवृत्तीचा दिवस आला तेव्हा शेजारच्या खुर्चीत जो सहवैमानिक होता तो चाळिशी उलटलेला, सुटलेल्या पोटाचा, दोन मुलींचा बाप. त्याला सगळं ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. पोपट तो निरोप ऐकत असताना कंपनीची बाकीची विमानंही ऐकत होती.

वैमानिकाच्या शेवटच्या फेरीला हवेत एक मुभा असते. गर्दी नसली तर नियंत्रक चार शब्द जास्त बोलतात, वैमानिकही बोलतो, आणि नियम तेवढा वेळ दुसरीकडे तोंड करून उभा राहतो. पोपटाने आपले शब्द कधीचे ठरवून ठेवले होते. गालाला साबण लावून आरशासमोर म्हणून पाहिले होते. रेडिओवर थोडक्यात बोलावं ही आपलीच शिकवण म्हणून छाटले होते. 'मला माफ कर' हे काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. शेवटी राहिलं ते एवढं: ठकी, त्या दिवशीचा निरोप माझ्याच्याने परत म्हणवला नाही. अंगात बळ नव्हतं.

आकाश निवळलेलं होतं. फ्रिक्वेन्सी बदलली आणि तिचाच आवाज आला. सहवैमानिकाने ओठ मिटून हसू दाबलं. तिने उंची दिली, त्याने परत म्हणून दाखवली. तिने वळायला सांगितलं, त्याने तेही परत म्हटलं. शहर डाव्या पंखाखाली आलं, घरांची छपरं, एका शाळेचं रिकामं मैदान. आणि मग फ्रिक्वेन्सीवर शांतता पडली. कोणी काही मागत नव्हतं, कोणी काही सांगत नव्हतं. त्याने शिस्तीत आधी कान दिला. काही नाही. सहवैमानिक हळूच म्हणाला, 'आता, सर.'

त्याने बटण दाबलं. सगळं वाक्य म्हटलं, न अडखळता, संथ, दोन्ही हातांनी दिल्यासारखं. बटण सोडलं.

एक अनोळखी, जांभईतून नुकता निघालेला आवाज आला, मागून येणाऱ्या कुठल्याशा मालवाहू विमानाचा. 'ब्लॉक्ड. दोघं एकदम बोललात.'

दोघं. म्हणजे तीही, नाहीतर 'ब्लॉक्ड' तिनेच म्हटलं असतं. तीसुद्धा हीच शांतता पडायची वाट बघत तिकडे बसली होती, अंधारात, गोल पडद्यावरच्या त्याच्या ठिपक्याकडे डोळे लावून. तिनेही आधी कान दिला असणार, त्यानेच शिकवलेलं होतं. आणि त्याच क्षणी तिनेही बटण दाबलं.

अशा वेळी कोणीतरी पुन्हा बोलायचं असतं. तो थांबला, ती आधी बोलेल म्हणून. तीही थांबली असावी. ही दोघांनी एकमेकांना दिलेली वाट तशीच रिकामी राहिली, आणि तिच्यातून बाकीचे घुसले. एक विमान नव्याने आत आलं आणि त्याने आपली उंची सांगितली, लगोलग दुसऱ्याने वेग विचारला, मालवाहू विमानाला वळण हवं होतं. तिचं काम सुरू झालं. आवाज नेहमीचा, आकडे सुटे सुटे. मग त्याचा क्रमांक घेऊन ती म्हणाली, टॉवरशी बोला, आणि टॉवरची फ्रिक्वेन्सी सांगितली.

त्याने आकडे एकेक करून परत म्हणून दाखवले.

'शुभ दिन,' ती म्हणाली.

'शुभ दिन.'

अंगठा बटणावर होता. सहवैमानिक समोर बघतच पुटपुटला, 'पुन्हा सांगा म्हणा ना, सर. नियमातच आहे.'

'हवा मोकळी नाही.'

'दोन शब्द आहेत हो.'

'मागे तिघं आहेत तिच्या हातात,' पोपट म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हाताने फ्रिक्वेन्सी बदलली.

उतरल्यावर अग्निशामक गाड्यांनी दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा धरल्या, विमान त्या कमानीखालून गेलं, काचेवर पाणीच पाणी झालं. सहवैमानिकाने वायपर लावले. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. कोणी फुलं दिली, कोणी केक कापायला लावला. त्याने सगळ्यांचे आभार मानले आणि त्या गर्दीतून सटकून, मागून उतरलेल्या मालवाहू विमानाच्या वैमानिकाला शोधून काढून विचारलं, काही ऐकू आलं का? एखादा तरी शब्द? तो माणूस ओशाळला. नुसतं किंचाळल्यासारखं, म्हणाला. नेहमीसारखंच.

तिचं काम संपायची वेळ झाल्यावर त्याने वाहनतळाच्या कडेला उभं राहून फोन लावला. तिने लगेच उचलला. टॉवरमधली माणसं पाण्याची कमान बघायला खिडकीशी जमली होती म्हणे, मित्राने तिला फोटो पाठवला होता. विमान छान दिसत होतं, असं ती म्हणाली. तो हं हं करत राहिला. मग त्याने विचारलं.

'मघाशी तू काहीतरी म्हणालीस. ते गेलं.'

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

'नेहमीचंच होतं,' ती म्हणाली. 'उंची दिली होती.'

उंची तिने आधीच दिली होती. त्याने परत म्हणून दाखवली होती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

'आणि तुम्ही? तुम्हीही काही म्हणालात ना?'

वाक्य तयार होतं, छाटलेलं, पाठ केलेलं. इथे मागे तिघं नव्हते, कोणी ऐकत नव्हतं, हवा सगळी मोकळी होती. पण तिने आपलं परत घेतलं होतं, आणि त्याला वाटलं, आता आपलं पुढे करणं म्हणजे तिच्या बंद दारात पाय घालणं.

'मी वेग विचारत होतो,' तो म्हणाला.

'बरं.'

'बरं.'

'जेवून घ्या,' ती म्हणाली. 'ठेवते.'

'जेवून घेतो,' तो म्हणाला. 'ठेव.'

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, गुडघे दाखवायला जातात. पोपट विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेला आणि विमानांचं बोलणं पकडणारा हातात मावेल एवढा रेडिओ घेऊन आला. दुकानात त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, बोलायचं बटण कुठे आहे? दुकानदार म्हणाला, 'बोलायचं बटण नसतं, काका. हा नुसता ऐकायचा.'

तो रेडिओ आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, मांडणीवरच्या पेल्याशेजारी. ठकी कामावर असली की तो खुर्ची ओढून बसतो. भाजी निवडता निवडता तिचे आदेश हलक्या आवाजात परत म्हणतो, कोणासाठीही असोत. डावीकडे वळा. डावीकडे वळतो. वेग कमी करा. वेग कमी करतो. मध्येच कोणीतरी दोघं एकमेकांवर बोलतात, तो चिरका आवाज भांड्यांवरून जातो, आणि ती लगेच, शांतपणे म्हणते, दोघं एकदम बोललात, पुन्हा सांगा, एकेकाने. तेव्हा त्याचा हात शेंगेवर थांबतो.

एका दुपारी फ्रिक्वेन्सी बराच वेळ रिकामी होती. रेडिओचा दिवा लागलेला, आवाज काही नाही. तो ऐकत राहिला. कोणी बोलत नव्हतं. मग त्याने ताट बाजूला सरकवलं, खिडकीकडे वळला, अंगठा टेबलाच्या कडेवर टेकवला आणि दाबला.

'आई खालावली आहे,' तो म्हणाला. 'लगेच येतो.'

त्याने अंगठा उचलला आणि थांबला. थोड्या वेळाने रेडिओतून तिचा आवाज आला, कुठल्याशा विमानाला ती खाली बोलावत होती.